धाब्याचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद, अध्याय २२, वचन ८



मोशेच्या नियमशास्त्रात वाचता वाचता सहज नजरेआड होईल असे एक लहानसे वचन आहे. त्याच्या आधी पक्ष्याच्या घरट्याविषयी आज्ञा आहे, त्याच्या नंतर द्राक्षमळ्यात दोन जातींचे बी पेरू नये अशी आज्ञा आहे, आणि ह्या दोहोंच्या मध्ये हे वचन बसले आहे. त्याचा आशय असा की, जो कोणी नवे घर बांधील त्याने आपल्या धाब्याला कठडा करावा. तसे न केल्यास, आणि वरून कोणी पडून मेल्यास, त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल.

आपल्यातील पुष्कळांचा जन्म धाब्याच्या घरात झाला आहे. पांढऱ्या मातीचे ते सपाट छप्पर म्हणजे दुसरे अंगणच. उन्हाळ्यात तेथे कुरडया व मिरच्या वाळत घालाव्या, रात्री घोंगडी टाकून निजावे, संक्रांतीस पोरांनी पतंग घेऊन चढावे. इस्राएल लोकांच्या घरांचीही तीच तऱ्हा होती. आता पाहा, घर ज्याचे त्याचे. जागा त्याची, माती त्याची, मजुरी त्याने दिली. त्याने दरवाजा पूर्वेस ठेवावा की उत्तरेस, खोल्या दोन कराव्या की चार, ह्याविषयी नियमशास्त्र एक अक्षर बोलत नाही. परंतु कठड्याविषयी बोलते. का बरे? घरधनी सावध असेल. त्याला आपल्या धाब्याची कड अंधारातही ठाऊक असेल. पण धाब्यावर तो एकटाच चढत नाही. शेजारणीचे लेकरू चढते, पाहुणा चढतो. जो पडेल त्याचे नाव नियमशास्त्राने सांगितले नाही, आणि तो निष्काळजी होता की काय हेही विचारले नाही.

हे वचन मी गेली वीस वर्षे वाचीत आहे. सेमिनरीत असताना त्यावर टिपणही लिहिले होते. त्याचा अर्थ मला कळला तो मात्र आमच्या मंडळीतील एका गोष्टीनंतर, आणि त्या गोष्टीत माझाच दोष आहे, म्हणून ती मी येथे सांगतो. ज्यांच्या घरची ती आहे त्यांची मी परवानगी घेतली आहे; त्यांची व गावाची नावे सांगण्याचे कारण नाही.

आमच्या मंडळीतील एक तरुण बाप उपासना आटोपल्यावर मजजवळ आला. कष्टाळू माणूस, दारूला शिवत नाही, घरी रोज संध्याकाळी प्रार्थना होते. तो म्हणाला, "पाळकसाहेब, थोरल्याला टोचले तेव्हा तीन दिवस त्याचे अंग फणफणले, मांडीला गळू झाले. मी जाऊन विचारले तर तेथील बाई म्हणाल्या, तुला काय कळते रे त्यातले. आता धाकटीला मी टोचून घेणार नाही. लेकरू माझे आहे. ह्यात काही पाप आहे काय?" मला दुसऱ्या गावी बारशाला जावयाचे होते. मी मोटारसायकलीवर बसता बसता त्याला म्हणालो, "तुझा विवेकभाव तुला दोष देत नसेल तर पाप नाही. प्रार्थना कर, प्रभू पाहून घेईल." रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाचा मी आधारही दिला. अर्धाच दिला, हे मला पुढे समजले. कारण त्याच अध्यायात प्रेषित पौल असेही सांगतो की, आपल्यातला कोणीही केवळ स्वतःपुरता जगत नाही.

त्यानंतर दीड वर्षाने आमच्या वाडीत गोवर आला. ती धाकटी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. त्या रविवारी तिला थोडा ताप व खोकला होता, डोळे लाल होते, अंगावर पुरळ काहीच नव्हते. आईने तिला उपासनेस आणले व सतरंजीवर बसविले. तिच्या शेजारी दुसऱ्या घरची एक बाई आपले सात महिन्यांचे मूल मांडीवर घेऊन बसली होती. मुलीला पुरळ निघाला तो मंगळवारी. ती आठ दिवसांत बरी होऊन अंगणात खेळू लागली. मंडळीने उपकारस्तुती केली. मीच ती प्रार्थना चालविली. त्याच आठवड्यात ते सात महिन्यांचे मूल तापाने फणफणले. गोवराबरोबर त्याच्या छातीत कफ भरला. जिल्ह्याच्या इस्पितळात त्याला अकरा दिवस ठेवावे लागले. ते वाचले, देवाची स्तुती असो. पण त्याचा एक कान फुटला, आणि त्या कानाने आता त्याला ऐकू येत नाही.

मी इस्पितळात गेलो तेव्हा ती आई कोणावर रागावली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "नववा महिना कधी लागतो त्याची मी वाट पाहत होते."

प्रियजनहो, हे वाक्य समजण्यासाठी रोगाविषयी थोडे ठाऊक असावे लागते. आपल्या देशात गोवर व रुबेला ह्या दोन रोगांवरील मिळून एक लस देतात. तिचा पहिला डोस मुलाला नऊ महिने पुरे झाल्यावर व दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देण्यात येतो. नऊ महिन्यांच्या आत आईच्या रक्तातून आलेली रक्षणशक्ती लेकराच्या अंगी काही काळ असते. ती हळूहळू सरते, पण ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. ह्यामुळे प्रत्येक मुलाच्या आयुष्यात असे काही महिने येतात की, जुने पांघरूण सरकलेले असते व नवे अजून मिळालेले नसते. त्या महिन्यांत त्याला राखणारी गोष्ट एकच : त्याच्या आजूबाजूच्या मुलांना गोवर न होणे. आणि गोवर हा हवेतून पसरणारा रोग आहे. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विष सुमारे दोन तास त्या हवेत राहू शकते. पुरळ निघण्याच्या चार दिवस आधीपासून रोगी तो दुसऱ्यास देत असतो. ज्या गावात कोणालाच रक्षण नाही तेथे एका रोग्यापासून बारा ते अठरा जणांस तो लागतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. ह्यास्तव शंभरांतील पंच्याण्णव मुलांना लस मिळालेली असेल तरच उरलेली पाच सुरक्षित राहतात. त्या पाचांत कोण असते? सात महिन्यांचे तान्हे असते, कर्करोगाचे औषध घेणारे मूल असते. त्यांना निवड नाही. त्यांच्या वतीने निवड आपण करतो.

म्हणून "लेकरू माझे आहे" ह्या त्या बापाच्या बोलण्याकडे पुन्हा वळू या. ते बोलणे खोटे नाही. शास्त्र आईबापांना मोठा अधिकार देते. सरकारने किंवा मंडळीने तो हिरावून घ्यावा असे मला वाटत नाही. परंतु स्तोत्रकर्ता संततीला परमेश्वरापासून मिळालेले वतन म्हणतो, आणि वतन म्हणजे काय हे आपल्या महाराष्ट्रातल्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. वतन जहागिरीचे असो, पाटीलकीचे असो, की गावकामगाराचे असो, ते ज्याने दिले त्याची चाकरी त्याला जोडलेली असे. चाकरी सोडून नुसते वतन कोणी उपभोगीत नसे. लेकरू माझे आहे, हे खरे; पण त्याच्यासंबंधाने मला कोणापुढे तरी हिशेब द्यावयाचा आहे, आणि त्या हिशेबात शेजाऱ्याचे लेकरूही आहे.

आता कोणी म्हणेल की, हा भय-अविश्वासाचा प्रश्न आहे, आणि विश्वास भक्कम असला म्हणजे झाले. तर मग सामोआ बेटांची गोष्ट ऐका. ही बेटे प्रशांत महासागरात आहेत. लोकसंख्या सुमारे दोन लाख. १८३० साली जॉन विल्यम्स नावाचे मिशनरी तेथे उतरले, आणि आज तेथील जवळजवळ सर्व लोक ख्रिस्ती आहेत. २०१७ साली त्यांनी आपल्या राज्यघटनेतही तसे लिहून ठेवले. गावोगाव देवळे आहेत, आणि संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेची चाल तेथे जुनी आहे. अशा देशात ६ जुलै २०१८ रोजी एका इस्पितळात एकेक वर्षाची दोन बालके गोवराची लस टोचल्यावर काही मिनिटांत मरण पावली. चौकशीअंती कळले की, लशीची भुकटी ज्या पाण्यात कालवावयाची त्याच्या ऐवजी परिचारिकांनी चुकून मुदत संपलेले, स्नायू ढिले करणारे औषध त्यात घातले होते. दोघी परिचारिकांनी आपला दोष कबूल केला. २०१९ साली त्यांना पाच पाच वर्षांची शिक्षा झाली. लशीत दोष नव्हता. पण त्या दोन आयांना ह्या भेदाचे काय? आणि गावोगावच्या ज्या आयांनी ती बातमी ऐकली त्यांनी आपले मूल घट्ट उराशी धरले ह्यात नवल कोणते? मी असतो तर मीही धरले असते.

सरकारने कित्येक महिने गोवराची लस देणेच बंद ठेवले. त्या अवकाशात अफवा वाढल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१८ साली तेथील बालकांपैकी शेकडा ३१ जणांनाच पहिला डोस मिळाला होता. २०१९ साली शेजारच्या न्यूझीलंडमध्ये गोवराची साथ चालू होती. ऑक्टोबर महिन्याचा दुसरा रविवार हा सामोआत मुलांचा सण असतो. त्या दिवशी मुले पांढरे शुभ्र कपडे घालून देवळात वचने म्हणतात व नंतर वडीलधारी माणसे त्यांना आधी जेवू घालतात. त्या वर्षी तो सण १३ ऑक्टोबरला आला. तीन दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, सरकारने गोवराची साथ आल्याचे जाहीर केले. ५,७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ८३ मरण पावले. त्यांतील बहुतेक पाच वर्षांखालची बालके होती.

साथ चालू असताना कोणी मंतरल्यासारखे पाणी अंगावर फवारून बरे करण्याचा धंदा मांडला होता, आणि आईबाप आपली तापलेली लेकरे घेऊन तेथे रांगा लावीत होते. इस्पितळात ती पोहोचली तेव्हा कित्येकांस उशीर झाला होता. शेवटी १५ नोव्हेंबरला आणीबाणी पुकारून लस सक्तीची करण्यात आली. डिसेंबरच्या ५ व ६ तारखेस सारा देश बंद ठेवून टोचणाऱ्यांच्या तुकड्या घरोघर फिरल्या. ज्या घरात लस मिळावयाची कोणी बाकी असेल त्या घराबाहेर लाल फडके बांधावे असा हुकूम होता. महिनाअखेर सुमारे शेकडा ९५ लोकांना लस मिळून साथ ओसरली. टोंगा व फिजी ह्या जवळच्या बेटांतही तेव्हा गोवर पोहोचला होता. पण तेथील मुलांना पूर्वीच लस मिळालेली होती म्हणून तेथे कोणी मेले नाही. प्रार्थना तिन्ही ठिकाणी होत होत्या.

लाल फडके बांधून उभी असलेली ती घरे मला वारंवार आठवतात. वर्षभरापूर्वी त्याच आईबापांजवळ कोणी बसून, "होय, आमच्या माणसांच्या हातून भयंकर चूक झाली, ती अशी झाली, पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही हे हे केले," असे शांतपणे सांगितले असते, तर काय झाले असते? नियमशास्त्रात कठड्याच्या आज्ञेची जणू बहीणच असलेली दुसरी एक आज्ञा निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात आहे. ज्याने खड्डा खणला व झाकला नाही, आणि त्यात कोणाचा बैल किंवा गाढव पडले, तर भरपाई खणणाऱ्याने करावी. कठडा घरधन्याने बांधावयाचा आहे. खड्डा मात्र ज्याने खणला त्याने झाकावयाचा आहे. ज्यांच्या हाती सुई आहे त्यांना ही दुसरी आज्ञा लागू होते. आपल्याच महाराष्ट्रात, यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात, ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब गेले. देवाच्या दयेने ती सर्व बरी होऊन घरी गेली. अशा वेळी संबंधितांवर कारवाई होणे योग्यच. पण गावाला तेवढ्याने धीर येत नाही. जो बाप प्रश्न विचारतो त्याला "तुला काय कळते" असे उत्तर मिळाले की एक खड्डा उघडा राहतो, आणि त्यात पुढे कोणाचे लेकरू पडेल हे सांगता येत नाही.

सक्ती करावी की नाही, हा वाद जुना आहे. इंग्लंडात १८५३ साली कायदा झाला की, मूल जन्मल्यापासून तीन महिन्यांत त्याला देवीची लस टोचलीच पाहिजे. पुढे दंडही वाढविण्यात आला. श्रीमंत दंड भरून मोकळे होत आणि गरिबाच्या घरातील सामान जप्त होई. लोक इतके चिडले की १८८५ साली लेस्टर शहरात हजारोंनी मोर्चा काढला. अखेर १८९८ साली ज्याच्या विवेकभावाला लस पटत नाही त्याला सूट देण्याचे कलम कायद्यात घालावे लागले. अमेरिकेतील गोष्ट तर आम्हा पाळकांनी विशेष लक्षात ठेवावी. केंब्रिज नावाच्या गावी हेनिंग याकोबसन हे स्वीडिश लूथरन मंडळीचे पाळक होते. १९०२ साली तेथे देवीची साथ आली असता त्यांनी लस घेण्याचे नाकारले. लहानपणी लशीने आपल्याला फार त्रास झाला, आपल्या एका मुलालाही झाला, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या वाडीतल्या बापासारखेच. त्यांना पाच डॉलर दंड झाला आणि प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९०५ साली न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, मनुष्याचे स्वातंत्र्य मोठे आहे, पण ते सर्व प्रसंगी सर्व बंधनांपासून मोकळे नाही. तसे असते तर समाजच टिकला नसता. त्यांना धरून बळजबरीने टोचावे असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही. त्यांनी दंड भरावा, एवढेच.

आपल्या देशात आज बालकांची लस सरकार फुकट देते, आणि आईबापांच्या संमतीने देते. २०१९ सालच्या जानेवारीत दिल्लीच्या उच्च न्यायालयाने तेथील शाळांतून चाललेली गोवर-रुबेलाची मोहीम थांबविली, कारण आईबापांना विचारले गेले नव्हते. त्यांना लशीचे गुण व तिचे दुष्परिणाम दोन्ही सांगून संमती घ्यावी असे न्यायालयाचे म्हणणे होते. मला हे योग्य वाटते. ज्या गोष्टीचा विचार करून मनुष्य होकार देतो ती त्याच्याकडून टिकते. पण विचारण्याचा हक्क मिळाल्यावर विचारलेच पाहिजे, आणि उत्तर ऐकलेच पाहिजे. आपले बरेच बंधू हक्क घेतात व प्रश्न तेथेच सोडून देतात. मग मोबाइलवर कोणी काय पाठविले तेच त्यांचे उत्तर होते : लस टोचून घेतली तर पुढे संतती होणार नाही, लशीने मूल मतिमंद होते. पहिली अफवा ह्याच मोहिमेच्या वेळी उठली होती. तिला काडीचा आधार नाही. दुसरीचे मूळ इंग्लंडातील एका डॉक्टरच्या १९९८ सालच्या लेखात आहे. त्याने बारा मुलांवरून तो लिहिला होता. २०१० साली त्या नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरचे नाव वैद्यांच्या नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. हे शेवटचे पाठविणारा मात्र कोणी भेटत नाही.

लशीने काहीच होत नाही, असेही मी म्हणणार नाही, कारण ते खरे नाही. पुष्कळ मुलांना ताप येतो. गोवराच्या लशीनंतर काहींना आठवडाभराने ताप व बारीक पुरळ येतो. फार क्वचित, दहा लाखांत एखाद्याला, तीव्र वावडे उठून जिवावर बेतते, आणि त्यासाठीच टोचल्यावर अर्धा तास तेथे बसावयास सांगतात. सुई स्वच्छ नसली किंवा जागा चुकली तर गळू होते. त्या बापाच्या थोरल्या मुलाला गळू झाले हे त्याने कल्पिले नव्हते. ह्या सर्वांच्या समोर गोवर ठेवावयाचा. तो आपल्या आजीच्या वेळेपासून ओळखीचा आहे. दारावर कडुनिंबाचा डहाळा खोवून घर नऊ दिवस गप्प बसे. घरातला तो पाहुणाच वाटतो, आणि येथेच आपण फसतो. त्यापासून फुफ्फुसे सुजतात, कान फुटतो, ज्यांच्या अंगात अ जीवनसत्त्व कमी असते अशा दुबळ्या मुलांची दृष्टी जाते, काहींच्या मेंदूला सूज येते. हल्लीच्या संशोधनात असेही दिसून आले आहे की, गोवर हा शरीराने पूर्वी शिकलेले दुसऱ्या रोगांशी लढणे पुष्कळ अंशी पुसून टाकतो, आणि बरे झालेले मूल पुढे कित्येक महिने इतर आजारांना बळी पडते.

"पण पाळकसाहेब, लस घेणे म्हणजे देवावर विश्वास न ठेवणे नव्हे काय?" असा प्रश्न मला दुसऱ्या एका गावी एका वृद्ध उपदेशकाने केला. चांगला प्रश्न आहे, व प्रामाणिक माणसाचा आहे. यहूदाचा राजा हिज्कीया मरणास टेकला असता परमेश्वराने यशयाच्या तोंडून त्याला पंधरा वर्षांचे आयुष्य दिले. आणि त्याच अध्यायात तोच यशया गळवावर अंजिरांचा लेप लावण्यास सांगतो. वचनाने बरे होणार होता तर लेप कशाला? हिज्कीयाने हा वाद घातला नाही. शोमरोनी मनुष्यानेही जखमेवर आधी तेल व द्राक्षारस ओतला. उलट, मंदिराच्या शिखरावरून खाली उडी टाक, देवदूत झेलतील, असे शास्त्राचाच आधार देऊन सांगणारा कोण होता, हे मत्तयाच्या चौथ्या अध्यायात पाहावे. त्याला आपल्या प्रभूने दिलेले उत्तर आपणा सर्वांस पाठ आहे. कठडा नसलेल्या धाब्यावर लेकराला सोडून वर डोळे लावणे ह्याला मी विश्वास म्हणण्यास धजत नाही. आणि हे मी कोणाला म्हणत आहे? प्रभू पाहून घेईल, असे मोटारसायकलीवरून बोललेल्या मला.

माझ्या दंडावर देवीच्या लशीचा वण नाही. माझ्या वडिलांच्या दंडावर दोन आहेत, वाटोळे, रुपयाएवढे. आपल्यातील चाळिशीच्या आसपासच्या कोणालाही तो वण दिसणार नाही. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली, आणि तिच्या दंडावरच्या फोडातील लस घेऊन पुढच्या मुलांना टोचली. तेथपासून पावणेदोनशे वर्षे आपल्या लोकांनी आपली पोरे पुढे केली. कधी राजीखुशीने, कधी "देवी डॉक्टर आला" म्हणताच ज्वारीच्या शेतात लपून बसून मग शेवटी नाइलाजाने. १९७५ साली ह्या देशात देवीचा शेवटचा रोगी झाला व १९८० साली जगातून तो रोग नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. मला लस घ्यावी की न घ्यावी हा प्रश्न माझ्या आईबापांना पडलाच नाही. इतरांच्या आईबापांनी तो आधीच सोडविला होता.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. शेजारच्या मुलाचा कान गेल्याचे कळल्यावर तो बाप दोन महिने प्रभुभोजनास आला नाही. मी त्याच्या घरी गेलो. त्याला दोष देण्यास मी गेलो नव्हतो. तो अधिकार मी त्या मोटारसायकलीवरच गमाविला होता. मी त्याला म्हणालो, "तू मला विचारावयास आलास आणि मी तुला उत्तर दिले नाही. तुझ्या थोरल्याचे गळू कशाने झाले हे मी तुझ्याबरोबर आरोग्य केंद्रात येऊन विचारावयास हवे होते." तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी माझ्या लेकराचा विचार केला, साहेब. दुसऱ्याचे मनात आलेच नाही." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे केंद्रात गेलो. तेथे आता नवीन डॉक्टर आहेत. त्यांनी आम्हाला बसविले, सुई एकदा वापरून कशी निकामी होते ती उघडून दाखविली, बाटलीवरची तारीख व उष्णतेने रंग बदलणारी खूण दाखविली. थोरल्याच्या वेळी काय झाले असावे तेही सांगितले, आणि आमच्या माणसांनी तुम्हाला नीट उत्तर दिले नाही त्याबद्दल मला वाईट वाटते, असे म्हणाले. त्या एका वाक्याने जे झाले ते माझ्या दहा उपदेशांनी झाले नसते. नंतर त्या बापाने आपली पत्नी बरोबर घेऊन त्या सात महिन्यांच्या मुलाच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या घरात काय बोलणे झाले ते त्यांचे त्यांच्याजवळ राहो.

उपदेशक बंधूंना माझी विनंती आहे. आपापल्या गावी लस टोचण्याचा दिवस ठरलेला असतो. आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई तो सांगतील. त्या दिवशी अंगणवाडीत जाऊन बसा. कोणाला ओढून नेऊ नका, कोणाची चहाडी करू नका. ज्याला भय वाटते त्याच्यासाठी तुम्ही प्रश्न विचारा : औषध कोणते, तारीख कोणती, ताप आला तर काय द्यावे, गाठ आली तर कोणाकडे जावे. उत्तर मिळाले नाही तर नम्रपणे पुन्हा विचारा, आणि तरीही मिळाले नाही तर मला चिठ्ठी पाठवा. आपण दोघे तालुक्याला जाऊ. ज्याचे मन सर्व ऐकूनही वळत नाही त्याच्याशी बोलणे सोडू नका, त्याला भाकरीस बोलवा. एवढे मात्र त्याच्यापाशी मागा की, गावात गोवर असताना त्याने आपले मूल उपासनेस व बाजारास नेऊ नये, ताप-खोकला असताना तर मुळीच नाही. हा पुरता कठडा नव्हे. पुरळ निघण्याआधीच रोग शेजाऱ्याच्या घरी गेलेला असतो हे आम्ही पाहिले आहे. तरी एक विटेचा थर तेवढाच वर येतो. आणि ज्या आईच्या मांडीवर नऊ महिन्यांच्या आतले मूल आहे तिच्यासाठी देवळात दाराजवळची, वाऱ्याची जागा राखून ठेवा.

आमच्या वाडीत लस टोचण्याचा दिवस महिन्याचा तिसरा बुधवार आहे. मागल्या वेळी तो बाप धाकटीला कडेवर घेऊन आला होता. गोवर होऊन गेला तरी रुबेलासाठी टोचावे असे डॉक्टरांनी सांगितले होते. मुलगी रडली, तोही डोळे पुसत होता. टोचून झाल्यावर अर्धा तास ती दोघे माझ्या शेजारी बाकावर बसली.